लाल सूत

रंगाऱ्यानं पाटीवर लिहिलं, डॉ. सत्यप्पा येमूल.
चूक नव्हे, त्याच्या मते दुरुस्ती होती ती.
सत्यव्वा नावाचा डॉक्टर असतो का कुठं?
बाईंनी ब्लेडनं 'प्पा' खरवडला,
वर स्वतःच्या हातानं 'व्वा' काढला,
पण उन्हं कलली की जुनं अक्षर दिसायचंच.
"दिसू दे गं," म्हणायच्या,
"अप्पाला शोधत तरी लोक जिना चढतील."

साखर पेठेत दोन खोल्या. खाली माग, वर आम्ही.
फरशी दिवसभर थरथरायची,
बाटल्यांतलं औषध आपोआप ढवळलेलं,
'हलवून घ्या' असं मला
कधी कुणाला सांगावंच लागलं नाही.

मी विड्या वळायची तेव्हा. दिवसाला हजार.
बाईंनी माझी बोटं उलटसुलट पाहिली:
"पान दुमडणारा हात पुडी नीट बांधेल."
नोकरीसाठी झाली ती एवढीच चौकशी.

बापानं चारातले दोन माग विकून
मुंबईला शिकवली होती त्यांना.
उरलेल्या दोघांवर चौघांचं काम ओढलं.
मला ते त्यांनी सांगितलं नाही,
त्यांच्या आईनं सांगितलं, तेलुगूत,
भांडी घासता घासता, जरा रागानंच.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही.
मग एका रात्री जोडबसवण्णा चौकामागून एक माणूस,
"डॉक्टरसाहेब?"
बाईंनी बॅग उचलली, चपला घातल्या.
तो जिन्याकडंच बघत उभा,
मागून कुणी उतरेल म्हणून.
"चल की ओ," मी म्हटलं, "संपले सगळे."

पोर पायाळू. मध्यरात्रीपासून
मिलचा पहिला भोंगा होईपर्यंत.
शेवटी आलं, निळं, मग लाल, मग ओरडलं.
बॅगेतला दोरा मात्र भिजून सांडला होता रक्तात,
बाई म्हणाल्या, धोट्यातलं सूत आण, उकळ.
घरात चादरीचं तेवढं लाल होतं.
पाण्यात रंग सुटला
आणि बाप दारातच मटकन खाली बसला.

त्या पोराच्या नाळेला लाल गाठ.
पोर जगलं, आणि सबंध पूर्व भागाला
गुण सुताचा वाटला.
"अम्मा, लालच बांधा हं."
बाईंनी समजावलं, चिडल्या,
पांढरं आणि लाल एकच असतं म्हणून
एकदा तर दोन्ही उकळून दाखवलं.
शेवटी हरल्या. पक्क्या रंगाचं एक रीळ
कायमचं टेबलाच्या खणात.
"सायन्स तेवढं उकळण्यात आहे," मला म्हणाल्या,
"रंग त्यांचा."

एक वही होती, कुलपात.
ज्या वाचल्या नाहीत त्यांची.
नाव, वय, कितवं बाळंतपण,
आणि शेवटच्या रकान्यात
कळा सुरू व्हायच्या दिवशी वळलेल्या विड्या.
सहाशे. साडेआठशे.
दासरी नागव्वा, वय एकोणीस, एक हजार चाळीस.
तो आकडा मी लिहिला. माझ्याच ओळीत बसायची ती.
दर वर्षी नक्कल करून नगरपालिकेला पाठवायची,
दर वर्षी उत्तर यायचं, नोंद घेतली.
बाई ते पत्रही वहीत चिकटवायच्या.
उपहास नव्हे. पोहोच म्हणून.

लग्नाचं विचारायला लोक यायचे, मग येईनासे झाले.
फी चार आणे, नसतील तर टॉवेल,
आमच्याकडं इतके टॉवेल झाले
की अंग पुसायचा कंटाळा यायचा.
संतापी होत्या. एका सासूला
त्यांनी जिन्यावरून हाकललंय, मी बघितलंय,
आणि तिच्याच मोतीबिंदूसाठी मिरजेला पत्रही लिहिलंय.

गेल्या त्या गड्ड्याच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी.
झोपेत. हातात काही नव्हतं.
खालच्यांनी माग बंद ठेवले,
कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी एक बाई जिना चढून आली,
ठाऊक नसलेली, खोकल्याची बाटली न्यायला.
मी फळीवरून उतरवली.
औषध तळाशी बसलेलं, वर नुसतं पाणी.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं,
"हलवून घे गं."